क्रांतीच्या जीपची थरथर

लालासाहेब फौजेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी लिलावातली जुनी जीप घेतली. त्यांचे गुडघे गेल्यावर जीप त्यांची मुलगी क्रांती चालवू लागली. कवठे महांकाळच्या माळावरून द्राक्षांच्या पेट्या मिरजेला पोचवायची. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई जीप चालवते, हे गावाला खुपायचंच.

ऐन हंगामात जीप बिघडली. वेग वाढला आणि चाक खड्ड्यात आपटलं, की पुढची दोन्ही चाकं थडथडायची. गाडी पार हळू केल्याशिवाय थरथर थांबायची नाही. एकदा जीप रस्त्याकडेच्या चारीत गेली आणि पेट्या चिरडल्या.

"बाईच्या हातात गाडी दिली, आमचीच चूक," लालासाहेब चारचौघांत म्हणाले.

कुपवाडच्या रसूल मिस्त्रीचंही तेच मत. त्यानं चाकांचं बॅलन्सिंग केलं, चाकांना जोडणारे टायरॉड बदलले, शेवटी झटके सोसायला डँपर बसवला. थोडे दिवस बरं गेलं, मग थरथर परत आली.

"गाडीत काय न्हाई. तुमीच स्टेरिंग आवळून धरताय," तो म्हणाला.

"मग बसा शेजारी."

"मला कामं हायत."

"बसा. न्हाईतर गाडी तुमच्या दारातनं हलत न्हाई."

शिव्या पुटपुटत रसूल बसला. मिरज रस्त्याला क्रांतीनं स्टेअरिंग सैल धरून वेग वाढवला आणि मुद्दाम चाक खड्ड्यात घातलं. जीप मुळापासून हादरली. रसूलनं दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला. तिनं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी कडेला घेतली.

"आता कुनी आवळलं?"

"फिरवा माघारी," एवढंच तो म्हणाला.

गॅरेजात तो जीपखाली शिरला. "डावी-उजवी हलवा. हळू." तिनं स्टेअरिंग हलवलं. तो एकेक सांधा हातानं चाचपत गेला आणि मधेच थांबला.

"काय दिसलं?" तिनं विचारलं. "वर या. तुमी हलवा, मी बघते."

ती खाली आडवी झाली. सांधे ठीक होते. पण ज्या पेटीतून स्टेअरिंग चाकांना वळवतं, ती पेटीच चेसीवर, गाडीच्या सांगाड्यावर, सरकत होती. बोल्टांभोवती, चिखलाखाली, चेसीला तडा गेला होता.

"एवढे दिस हे दिसलं न्हाई?"

"डँपरनं झाकलं गेलं."

"डँपर कुनी बसवला?"

रसूलनं पाना आदळला. तडा बुजवून, वर पट्टी वेल्ड करून त्यानं पेटी घट्ट केली. काम होईपर्यंत क्रांती तिथंच उभी होती.

परतताना त्याच खड्ड्यात चाक आदळलं. स्टेअरिंग जागचं हललं नाही. तिला आनंद झाला नाही, संताप आला. स्वतःच्या हातांवर संशय घेत तिनं अख्खा हंगाम काढला होता.

तिनं घरी सगळं सांगितलं. लालासाहेब म्हणाले, "मिस्त्रीनं केलं की. तू काय केलंस?"

"उद्या पेट्या तुमी न्या, आबा."

त्यांना वाटलं, राग आहे, उतरेल. पण चावी तिनं खिळ्याला लावली नाही. सकाळी ती शेजारच्या हरणाबाईंच्या पेट्या भरून गेली. घरच्या पेट्या दुपारपर्यंत उन्हात पडून राहिल्या. आता ती आधी गावच्या पेट्या नेते, मग बापाच्या. लालासाहेब अजूनही चारचौघांत तेच बोलतात. क्रांती गाडी चालू करते आणि निघते.