खाली सॉकेट

प्लगची पट्टी मी वाकवली आणि आळ डॉक्टरांवर घेतला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना माझ्या संशयात काही तथ्य होतं असं वाटेल. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलं होतं. जयपूरच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि आम्ही तिलक नगरात राहत होतो. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यातलं कुटुंब गाव सोडून निघालं होतं. त्यांच्या विकायला काढलेल्या सामानातून मी पिनबॉलचं मशीन घरी आणलं. काचेखाली उतरतं टेबल, त्यावर धावणारी पोलादी गोळी, आणि डोक्याशी उभी पेटी. गोळी कशावर आपटली की घंटी वाजायची आणि पेटीवर आकडे उजळायचे. प्रोफेसरांनी घरात जुगाराचा अड्डा काढला, अशी गल्लीत थट्टा झाली.

टेबलातल्या तारा पेटीत जायच्या त्या प्लगांमधून. पेटीच्या मागे तीन सॉकेट होती. एक वर आणि एक खाली, त्या दोन्हींत प्लग बसवलेले. तिसरं बाजूला, त्यात कधीच काही लावलेलं नव्हतं. उन्हाळ्यात आंधी आली की खिडक्या बंद असल्या तरी बारीक रेती आत शिरायची, पितळ काळं पडायचं आणि आकडे विझायचे. मग मागचं झाकण उघडून प्लगच्या पट्ट्या पॉलिशपेपरने घासायच्या, सैल पडलेल्या चिमट्याने आवळायच्या, सुटलेल्या तारेला कथलाचा डाग द्यायचा.

हे काम मी आणि समोरचे डॉक्टर मिळून करत असू. ते माझ्याहून बरेच लहान. घराणं मूळचं नागपूरकडचं, पण जन्म जयपूरचा. त्यांच्या मराठीत हिंदी शब्द असे मिसळलेले असायचे की माझी साताऱ्याची बायको पदर तोंडाला लावून हसायची. गल्लीत मराठी बोलणारी घरं आमची दोनच.

एकदा खेळता खेळता ते म्हणाले, "कंटाळलात तर मला देऊन टाका, प्रोफेसरजी."

हसत म्हणाले होते. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ते खेळून गेले की दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडतं, असं मला दिसू लागलं. कुठली तार सुटली हे त्यांना माझ्याआधी कळतं, तेही खटकू लागलं. मी वैतागून मशीन देऊन टाकावं म्हणून हा माणूस मुद्दाम काही करतो आहे, अशी माझी खात्री होत चालली. मी मागच्या झाकणाला काळा दोरा बांधून ठेवला. बायकोने तो पाहिला. "चोर धरताय की उंदीर?" तिने विचारलं. धुळीचा काही प्रयोग आहे, असं मी तिला सांगितलं.

त्याच सुमारास परीक्षेच्या कामासाठी आम्ही दोघं नवरा-बायको अजमेरला गेलो. निघायच्या सकाळी मी घाईघाईने खालचा प्लग घासला. तो परत बसेना, तेव्हा तळहाताने जोर लावून दाबला. आत काहीतरी कट् करून वाजलं. गाडीची वेळ झाली होती. मी झाकण लावलं, दोरा बांधला आणि घराची किल्ली नेहमीसारखी डॉक्टरांकडे दिली.

परत आलो तर मशीन बंद आणि दोरा तुटलेला.

संध्याकाळी डॉक्टर आणि त्यांची बायको भेटायला आले. मशीन उघडलं होतं का, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हो, खोललं होतं," ते म्हणाले. "मी फक्त खाली सॉकेट साफ केला."

मी झाकण काढून खालचा प्लग ओढला. एक पट्टी वाकून शेजारच्या पट्टीला टेकली होती.

"मग ही वाकडी कशी झाली?"

"ही? नीचेवाल्याला मी हातच नाही लावला."

"आत्ताच तर म्हणालात, लावला."

ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. मला ती चोरी पकडल्याची खूण वाटली. दोघी बायकांच्या देखत मी म्हणालो, "डॉक्टर, मशीन हवं होतं तर सरळ मागायचं. असं करायची काय गरज होती?"

दोघं उठून गेली. त्यानंतर येणंजाणं बंद झालं. मी पट्टी सरळ केली आणि मशीन पुन्हा चालू झालं.

काही दिवसांनी डॉक्टरांची बायको आमची वाटी परत करायला आली. भांडं रिकामं परत करायचं नाही, हा दोन्ही घरांचा रिवाज. त्या दारातच थांबल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, वाटी खाली आहे."

मी आतून म्हणालो, "खाली कशाला, टेबलावर ठेवा."

त्या गोंधळल्या. "खाली मतलब, रिकामी."

त्या गेल्यावर मी झाकण काढलं. बाजूचं, कधीच न वापरलेलं सॉकेट आतून लखलखत होतं. कडेला कापसाचा धागा अडकला होता, म्हणजे स्पिरिट लावून पुसलं होतं. खालच्या सॉकेटात दम उरला नाही, त्याच्या तारा पुढे इकडे वळवता येतील, असं डॉक्टर मागे एकदा म्हणाले होते. बाजारात कुणी 'खाली' म्हटलं असतं तर मला रिकामं असंच कळलं असतं. घरात, मराठी वाक्यात, ते मी खालचं ऐकलं.

तरीही मी लगेच गेलो नाही. बायकोला शब्दाचा घोटाळा सांगितला, पण तळहाताने जोर लावल्याचं सांगितलं नाही. तिने ऐकून घेतलं. "तुमचं मशीन चालू झालं. माझं बोलणं बंद पडलं ते कोण चालू करणार?" ती म्हणाली. या गल्लीत तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं दुसरं एकच घर होतं, आणि ते मी तोडलं होतं.

शेवटी एका रविवारी सकाळी मी समोर गेलो. दोघंही घरात होती. 'खाली'चा खुलासा मी केला तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा ताण बराच उतरला.

"जाऊ द्या, प्रोफेसरजी. मतलब, भाषेचीच गडबड झाली," ते म्हणाले.

तिथे थांबलो असतो तर सगळं भागलं असतं. त्यांच्या बायकोने चहाचं विचारलंही होतं.

"नाही," मी म्हणालो. "शब्दाची गडबड नंतरची. पट्टी मीच वाकवली. अजमेरला निघताना जोर लावला, तेव्हा ती वाजलेली मी ऐकली होती. तुमच्यावर आळ घेतला तेव्हाही तो आवाज माझ्या ध्यानात होता. माझं चुकलं, डॉक्टर. तुम्ही दोघांनी मला क्षमा करा."