झटकून तोललेलं वजन

मावसाजींबद्दल लिहायचा अधिकार मला नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, एवढंच. आणि जे वाचता येत होतं तेही मी त्यांना नीट वाचून दाखवलं नाही. त्याबद्दल आधीच माफी मागतो.

आमच्या बेला गावात काट्यावर मावसाजींइतका विश्वास ठेवणारा माणूस झाला नसेल. ते भाजी विकतात. पोरगं जन्मलं, पार्सल आलं, पाहुण्यांनी फणस आणला, सगळं आधी काट्यावर. मी इंटर, म्हणजे बारावी, पास झालो तर माझी पुस्तकं तोलून म्हणाले, "तीन पत्ताकोबीइतकं ज्ञान हाय. पुरे, लेका." पण मेथी तोलण्याआधी तीनदा झटकायचे. गिऱ्हाईक कंटाळायचं. "थांबा ना बाई, मी पाणी इकाले नाही बसलो."

लिव्हरमध्ये गाठ निघाली तेव्हा नागपूरला नेमक्या गाठीवर किरणं दिली. सुट्टी देताना इंग्रजी कागद मिळाला. तो मी वाचला : शेजारचं चांगलं लिव्हरही दुखावू शकतं, काही आठवड्यांनी पोटात पाणी साचू शकतं, वजन भराभर वाढलं तर लगेच यावं. मावसाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. माझा धीर झाला नाही. म्हणालो, "रोज वजन करा म्हणतात."

त्यांना आणखी काय पाहिजे होतं! रोज सकाळी पोत्यांच्या काट्यावर उभे. सुरुवातीला चोपन्न. दोन महिन्यांनी बासरला माझ्या होस्टेलवर फोन आला. "लेका, अठ्ठावन्न! बाजारात पेढे वाटले. पायजम्याचा नाडा पुरून नाही राह्यला."



"काऊन गप्प झाला?" त्यांनीच विचारलं.

मग मी कागदावरचं सगळं सांगितलं.  मावसाजी म्हणाले, "जिंदगीभर मेथी झटकून तोलली, अन् आता मीच वला निंघालो." मला रागाचा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नागपूरला गेले.

तीन आठवडे मी फोन उचलायलाही भ्यायचो. काल मावशीचा आला. "औषधानं पाणी उतरलं रे बाबू. पन डॉक्टर म्हनते लिव्हर लय थकलं, आता पुन्हा किरणं नाही देता येत." मागून मावसाजींचा बारीक आवाज आला, "त्याले सांग, झटकून तोललो. आता खरं वजन हाय."

किती, मी विचारलं.

सेहेचाळीस.