मायनस अठरामधली पाच मिनिटं
फ्रीझर उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की मला दुबईच्या देऱ्यातलं ते मासळीचं कोल्ड स्टोरेज आठवतं. नवरा तिथे मॅनेजर होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याला मिनिआपोलिसची नोकरी चालून आली आणि आमच्या घरात दोन महिने भांडण पेटलं. तो म्हणे, इथे नोकरी गेली की व्हिसा खलास, तिथे निदान मुलीचं कॉलेज होईल. मी म्हणे, आई आजारी पडली तर इथून तीन तासांत मुंबईत पोचते, आणि तिथली थंडी कोण सोसणार? एका शुक्रवारी दुपारी, बाहेर अंग भाजत असताना, त्याने मला त्या गोदामात नेलं. “मायनस अठरा. तिथला जानेवारी असाच. पाच मिनिटं टिकलीस तर जायचं, नाहीतर हा विषय बंद.” मी पंजाबी ड्रेसवर त्याचं जाड जाकीट चढवलं, तो ऐटीत अर्ध्या बाह्यांच्या शर्टातच आत आला. सुरमईच्या खोक्यांमध्ये आम्ही एकमेकांकडे न बघता उभे राहिलो. तिसऱ्या मिनिटाला तो खोकत बाहेर पळाला. मी हट्टाने दहा मिनिटं आत राहिले. “ये बाई, जिंकलीस!” तो दार धरून ओरडत होता. बाहेर येऊन मी म्हटलं, “थंडी सोसेन मी. पण तिथे दिवसरात्र फक्त तूच, ते नाही सोसायचं.” रविवारी त्याने नकार कळवला. गेल्या वर्षी तो गेला, तेव्हा हॉस्पिटलच्या शवागाराचं दार उघडून तिथला माणूस मला म्हणाला, “मॅडम, पाँच मिनट.” या वेळी मी आधी बाहेर आले.