आरशातली फायनल

हे मी लिहिणारच नव्हते. खरंच. उद्या प्रॅक्टिकल आहे, जर्नल अर्धं पडलंय, आणि आत्याला कळलं तर ती म्हणणार, "एवढा वेळ असेल तर दुकान झाडायला ये." पण रविवारपासून डोक्यात तेच फिरतंय. मैत्रिणीला तीनदा फोनवर सांगून झालं, शेवटी तिनेही हात जोडले. तर आता तुम्ही ऐका.

माझ्या आत्याचं सलून आहे. पुरुषांचं. आपल्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत, चावीवाल्याच्या शेजारी. तीन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे सहा जण मावतील असं बाकडं. उजव्या हाताला दार, डाव्या हाताला बेसिन. संपलं दुकान. आणि टीव्ही? टीव्ही मागच्या भिंतीवर, बाकड्याच्या वर. म्हणजे खुर्चीत बसा नाहीतर बाकड्यावर, टीव्ही तुमच्या पाठीशीच. मॅच बघायची ती आरशात.

हे डोकं काकांचं, म्हणजे आत्याच्या मिस्टरांचं. गिऱ्हाईकानं मॅच बघायला मान वळवली की कान गेला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून टीव्ही असा लावला की मान सरळ ठेवूनच दिसला पाहिजे, आणि दाढी करता करता त्यांनाही दिसला पाहिजे. याला वीस वर्षं झाली. त्यामुळे आत्याच्या दुकानातला फुटबॉल उलटा असतो. डावखुरा खेळाडू उजव्या पायाने मारतो. डावीकडे-उजवीकडे असं तिथे कुणी बोलतच नाही. "दाराकडे दे रे, दाराकडे!" "अरे बेसिनकडे मोकळा आहे तो!" असंच ओरडतात. स्कोअरची इंग्रजी अक्षरं उलटी दिसतात म्हणून ती कुणी वाचत नाही, पाटीवर जी टीम पहिली असते तिचा आकडा दाराकडचा, एवढं ठरलेलं. मी लहानपणी शाळेत एकदा पी.टी.च्या सरांना विचारलं होतं, बेसिनकडून धावू का? सरांनी घरी चिठ्ठी पाठवली होती.

आत्या या धंद्यात आली ती हट्टाने. काका म्हणायचे, कात्री ठीक आहे, वस्तरा तुझ्याने व्हायचा नाही. मग हिनं काय करावं? फुगे आणले. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि त्यावरून वस्तरा फिरवायचा. फुटला की नवा. तीन महिने घरात नुसती फटफट चालू होती. ज्या दिवशी लागोपाठ दहा फुगे न फुटता गुळगुळीत झाले त्या दिवशी काकांनी तिला तिसरी खुर्ची दिली. बारा वर्षं तिथे तिनं लहान मुलं आणि म्हातारे सांभाळले, म्हणजे सगळ्यात जास्त हलणारी डोकी.

गेल्या वर्षी काका गेले. आत्यानं तेराव्या... नाही, किती दिवसांनी ते मला नीट आठवत नाही, पण लवकरच शटर उघडलं आणि काकांच्या पहिल्या खुर्चीमागे उभी राहिली. आणि माणसं यायची कमी झाली. वाईट कुणी बोललं नाही. लाजायचे. इतकी वर्षं जिला "वहिनी" म्हटलं तिच्यापुढे गाल कसा करायचा! त्यात कोपऱ्यावर नवीन कॅफे आला, भिंतीएवढा पडदा घेऊन.

दुकानाची जागा बाबांच्या नावावर आहे. चावीवाल्याला ती हवी आहे. बाबा आत्याचे धाकटे भाऊ, जीव आहे त्यांचा तिच्यावर, पण जीव असला की माणूस जास्तच छळतो.

"ताई, आता बास कर," बाबा म्हणाले. "आमच्याकडे ये राहायला. दिवसभर उभं राहायचं वय आहे का तुझं?"

"कप फायनलला दुकान भरेल," आत्या म्हणाली. मध्येच. विषय काय, ही बोलते काय!

"आणि नाही भरलं तर?"

"तर किल्ली तुझी."

"आणि भरलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण भरलं म्हणजे भरलं हां. तीन खुर्च्या, सहा बाकड्यावर."

"दे टाळी."

नऊ माणसं! मागच्या महिन्यात एका वेळी नऊ माणसं मी त्या दुकानात बघितलीच नव्हती. मी म्हटलं, आत्या, मी कॉलेजातल्या पोरांना आणते, मेसेज टाकते ग्रुपवर. तर माझ्याकडे बघून म्हणाली, "भाड्यानं आणलेली वरात नकोय मला. येतील ते."

रविवारी पाचला मॅच, आपल्या शहराच्या टीमची फायनल. साडेचारला आत्यानं आरसा पुसला, धुतलेले एप्रन घडी करून ठेवले, टीव्ही लावला. बाबा दारात हाताची घडी घालून उभे. मी बेसिनजवळ नखं खात.

आला कोण? फक्त शिंपीकाका. समोरच्या दुकानातले, ऐंशीच्या घरातले. पहिल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दाढी. पण सावकाश कर, मला घाई नाही, दोन तास आहेत."

तेवढ्यात पोस्टमनकाका समोरून जाताना दिसले. काकांचे जिगरी दोस्त, इथले सगळ्यात जुने गिऱ्हाईक, आणि त्यांच्यामागे रोजचे पाच-सहा जण. नजर चुकवून कॅफेकडे चाललेले.

"काय हो पोस्टमन," आत्या दुकानातूनच ओरडली, "पत्ता चुकला का?"

"नाही वहिनी... ते... पोरं म्हणाली मोठा पडदा आहे..."

"जा जा. बघून या."

बघून या! मला ओरडावंसं वाटलं. ती मात्र ब्रशनं फेस काढत होती. बाबांनी घड्याळ बघितलं. ते बघितलेलं मला इतकं लागलं की काय सांगू.

पहिला हाफ म्हणजे आम्ही चार माणसं. बॉल गोलसमोरच्या डीमध्ये आला की आत्या वस्तरा वर उचलायची, हा काकांचाच नियम, डीमध्ये बॉल असताना कुणाच्या गळ्याला पातं लावायचं नाही. चाळिसाव्या मिनिटाला आपल्यावर गोल झाला. शिंपीकाका खुर्चीत असे उडाले की फेस आरशावर. पातं वर होतं म्हणून वाचले.

"एक गोल खाल्ला," बाबा हळूच म्हणाले, "आणि दुकान रिकामं."

"अजून अर्धी मॅच आहे," आत्या म्हणाली. आवाजात तसूभरही फरक नाही. मला तर रडूच आलं, मी बेसिनचा नळ सोडून उगाच तोंड धुतलं.

हाफटाइमला दारात पोस्टमनकाका. घामाघूम, मान एका बाजूला धरलेली. त्यांच्यामागे बाकीचे.

"वहिनी, जागा आहे का?"

"का? पडदा फाटला?"

"अहो तिकडे सगळं उलटं आहे!" पोस्टमनकाका धपकन दुसऱ्या खुर्चीत बसले. "मी डोळे इकडे लावतो, तर बॉल तिकडे. मान लचकली माझी. आणि मी ओरडलो, दाराकडे दे, दाराकडे! तर तिथला वेटर गेला आणि दार उघडून उभा राहिला."

शिंपीकाका हसता हसता खोकायला लागले.

"ते काहीच नाही," मागचा एक जण म्हणाला. "हे टॉयलेटला गेले आणि तेवढ्यात गोल झाला. परत येऊन स्कोअर बघितला आणि नाचायला लागले. एक-शून्य, आपण पुढे! अख्खा कॅफे यांच्याकडे बघतोय. मारच खाल्ला असता."

"पहिलं नाव आपलं ना? मग दाराकडचा, म्हणजे उजव्या हाताचा आकडा आपला!" पोस्टमनकाका अजून चिडलेलेच. "वीस वर्षं तसंच बघतोय मी!"

आत्यानं एप्रन झटकला आणि त्यांच्या गळ्याभोवती बांधला. "गाल वर करा."

पोस्टमनकाका कानापर्यंत लाल. "वहिनी, वस्तरा जपून हां."

"जीभ आत घ्या. बाहेर राहिली तर तीही जाईल."

आणि त्यांनी गाल वर केला. एवढंच झालं. पण त्यानंतर तिसऱ्या खुर्चीत कोण बसणार यावरून दोघांत चक्क भांडण लागलं.

दुसरा हाफ सुरू झाला. मी मोजलं. बाबा पण मोजत होते, ओठ हलत होते त्यांचे. तीन खुर्च्या भरल्या. बाकड्यावर चार.

"सात," बाबा म्हणाले. "ताई, दोन जागा रिकाम्या आहेत."

सगळे आरशातून बाबांकडे बघायला लागले. पैज काय आहे हे कुणाला माहीत नव्हतं, पण बाबांच्या आवाजावरून कळलंच असणार. मला वाटलं, संपलं, आता किल्ली मागणार.

आत्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. आरशातूनच बाबांकडे बघत, वस्तरा पोस्टमनकाकांच्या हनुवटीखाली धरून म्हणाली, "एकीवर तू बस. एकीवर पोरीला बसव. आणि दारातून हल, बॉल दिसत नाहीये."

बाबांनी हाताची घडी सोडली. मग आले आणि बाकड्यावर बसले. मी पळत जाऊन शेजारी बसले, इतकी घट्ट की ते म्हणाले, "अगं चिरडशील."

सत्तराव्या मिनिटाला आपण बरोबरी केली, बेसिनकडे, आणि पहिली आरोळी बाबांची होती. पुढे पेनल्टीवर हरलो आपण, ते तुम्हाला माहीतच आहे. पोस्टमनकाका अर्ध्या दाढीनं रडले. पण कुणी उठून गेलं नाही, कारण केस कापायचे राहिले होते सगळ्यांचे. शटर लावताना बाबा म्हणाले, "ठीक आहे ताई, चालव दुकान."

"चालवतेच आहे," आत्या म्हणाली.

सगळे परत आले असं नाही. दोघं-तिघं अजून कॅफेतच जातात, आत्याला त्याचं काही नाही. पण आपल्या वर्गातल्या मुलांनो, तुम्ही लांबच्या सलूनला जाता ना बस पकडून? जाऊ नका. परीक्षेच्या आधी एकदा मागच्या गल्लीत जा. गुरुवारी बंद असतं. कटिंग नको असेल तरी जा, बाकड्यावर बसा, तिला म्हणा फुग्याची गोष्ट सांग. या आठवड्यातच जा, नुसतं बघू बघू म्हणू नका.