साडूची जागा

परभणीहून जिंतूरला जाणाऱ्या बसमध्ये एक जण खिडकीशी बसला होता आणि शेजारच्या सीटवर त्याचा रुमाल बसला होता. माझा गुडघा सुजलेला, म्हणून मी जागा मागितली.

"बोरीला साडू चढणार हाय," तो म्हणाला.

बोरीपर्यंत रुमालाने आरामात प्रवास केला, मी उभ्याने.

त्याचा आवडता विषय ब्रह्मांड. रुमालाची घडी दोन बोटांनी पुन्हा पुन्हा नीट करत तो सगळ्या बसला सांगत होता, "ह्याला अंत न्हाई बरं का. कितीबी जा, पुढं जागा हायच!"

मी हिशेबी माणूस. विचारलं, "कुणी मोजलं?"

"मोजायचं नसतं साहेब. मानायचं असतं."

"मग त्या अफाट जागेत मला दीड फूट मिळेल का?"

सगळी बस हसली. तो हसला नाही. "ब्रह्मांडात लय जागा हाय. शिटवर साडू हाय."

बोरी आली. साडू चढला नाही. खिडकीतून मान काढून त्याने हाका मारल्या, स्टँडवर कुणी वळूनही पाहिलं नाही. मी बसायला वाकलो, तेवढ्यात त्याने रुमालावर हात ठेवला.

"थांबा की. पुढच्या फाट्यावर असंल."

विश्वाला अंत आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. असलाच, तर तो जिंतूरच्या पलीकडे असणार. कारण जिंतूर येईपर्यंत मी उभाच होतो आणि साडू यायचाच होता.