विमानानं आणायची नात

पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात मला उपमा देऊ करण्यात आला. मला सिलिॲक आहे. गव्हाचा कण पोटात गेला की माझं शरीर माझ्याच आतड्यावर उलटतं. म्हणून तिकीट काढतानाच गहू नसलेलं जेवण सांगून ठेवलं होतं. ते विमानात चढलंच नाही. एअर होस्टेस हिंदीत म्हणाली, तुमचं जेवण कॉम्प्युटरवर दिसतंय मॅडम, फक्त इथे नाहीये. आणि कागदी पेल्यातला उपमा पुढे केला. रवा गव्हाचा असतो, मी म्हटलं. ती गोड हसली. यात ब्रेड नाही मॅडम, म्हणाली.

मी सांगलीची. आम्ही काही जण मिळून या आजाराची पत्रकं काढतो, शाळांच्या आणि दवाखान्यांच्या दारात वाटतो, खाण्याच्या पाकिटावर 'यात गहू आहे' असं ठळक छापा म्हणून जिथे तिथे भांडतो. त्याच कामाच्या एका बैठकीला निघाले होते. तिच्याशीही भांडले असते, पण पोटात आग पडली होती. पिशवीतून डबा काढला आणि भाकरी-चटणी खायला लागले.

खिडकीपाशी एक काका बसले होते. साठी कधीच उलटलेली, पाठ मात्र ताठ. फौजी माणूस बसल्यावरही ओळखू येतो. त्यांनीही काही घेतलं नव्हतं. ते माझ्या भाकरीकडे बघत होते.

"सांगलीची का गं तू?"

"व्हय. कशावरनं ओळखलं?"

"चटणीवरनं. आमच्या साताऱ्याकडं एवढा लसूण घालत न्हाईत."

"घ्या की मग. सांगलीचं काय ते कळंल तरी."

"नगं. मला एक सांग पोरी. त्या बाईला मगाशी म्हणालीस, गहू चालत न्हाई. खाल्ला तर काय हुतं?"

हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. पोट फुगतं, जुलाब लागतात, रक्त कमी होतं, केस विरळ होतात. लहान मूल असेल तर वाढच थांबते, हातापायाच्या काड्या होतात. घरातले घाबरून आणखी खाऊ घालतात आणि ते आणखी वाळतं.

काका हळूच म्हणाले, "आन् गाव बदललं की बरं वाटतं?"

असा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी घास तसाच ठेवला.

"आमचं वाईजवळ बागायत," ते म्हणाले. "पोरगी चालाय लागली न् वाळाय लागली. पोट डेऱ्यागत. डॉक्टर झालं, जंताची औषधं झाली. मग तिच्या मामानं नेली कवठे महांकाळला. तवा तिकडं प्यायला पाणी न्हवतं, पर पोरगी तिथं फुलली बग. गालावर लाली आली. आमी हरकून घरी आणली. उंबऱ्याच्या आत आली आन् महिन्याभरात हुती तशी झाली."

पुन्हा मामाकडे, पुन्हा लाली. पुन्हा घरी, पुन्हा काड्या.

"मी फौजेतला. भुताखेताला कवा मानलं न्हाई. पर डोळ्यानं दिसतंय त्याला काय करशील? ते घरच धरत हुतं तिला. देवऋषी आणला. त्यानं उंबरा उकरला. खाली हाड घावलं."

"कसलं हाड?"

"असंल कोंबडीचं. तवा कोण बघतंय?" ते जरासं हसले. मग नव्हते हसत. "घर सोडलं आमी. खंडाळ्याच्या बाजूला नवं बांधलं. कोऱ्या विटा, कोरी जागा. दोन टेम्पो सामान नेलं. आन् ते आमच्या संगं आलं."

विमानात त्या वेळी सगळे खात होते. पडदे अर्धे ओढलेले, कुणी बोलत नव्हतं, सगळीकडून कागद उलगडल्याचा आणि चावल्याचा आवाज येत होता. एसीच्या भोकातून पावाचा गरम वास माझ्या डोक्यावर पडत होता. मला उत्तर समजलं होतं. तरी मी विचारलं. नसतं विचारलं तरी चाललं असतं.

"काका, तिला खायला काय द्यायचात?"

"आमी समदी भाकरीवाली. पर तिला कवा भाकरी दिली न्हाई," ते अभिमानानं म्हणाले. "तिची आई तिच्यापुरत्या दोन चपात्या वेगळ्या लाटायची. दुधात कुस्करायची, वर तूप. आजारी लेकरू. घरातलं चांगलं ते तिला."

"आन् मामाकडं?"

"तिथं कुठला गहू? बाजरी खायची बिचारी."

मला तो टेम्पो दिसला. भांडी, गाद्या, देवघर, आणि सगळ्यात वर, सांडू नये म्हणून झाकण फडक्यानं बांधलेला पिठाचा डबा.

पोरगी त्या नव्या घरातच वारली. पदर यायच्या वयाला आली होती, पण नऊ-दहाची दिसायची, असं ते म्हणाले.

पत्रक लिहिताना पहिल्या ओळीत दोषी कोण ते लागतं. कंपनी, खातं, वेळेवर न तपासणारा डॉक्टर. डॉक्टरवर मी चिडले होतेच, अजून आहे. पण डोळ्यापुढे सारखी येत होती ती चुलीपाशी बसून दोन चपात्या लाटणारी बाई. तिच्यावर कुठलं पत्रक काढू? मी गप्प बसायचं ठरवलं. इतक्या वर्षांनी म्हाताऱ्या माणसाला हे सांगून काय मिळणार होतं?

तेवढ्यात ते म्हणाले, "आता नात धरलीय."

मुलगा सैन्यात, दिल्लीत क्वार्टर. नात पहिलीत. तीही वाळत होती, पोट तसंच, केस तसेच. डॉक्टरांनी भूक लागायचं औषध दिलं होतं. काका तिला आणायला निघाले होते, त्याच मामाच्या गावात ठेवायला.

"पोरगा म्हणला रेल्वेनं या, सोपं पडंल. म्हटलं न्हाई, विमानाचं काढ. रस्त्यानं आणली तर ते मागं येतं. शिवंशिवंला थांबतं आन् परत वाट धरतं. वरनं आणली तर त्याला वाट घावायची न्हाई. वर शिवच न्हाई."

हे त्यांनी एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं. खिडकीखाली ढग पसरले होते, पीठ सांडल्यासारखे. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की ते बरोबर बोलतायत. ते वरही होतं. रांगेतून सरकणाऱ्या ट्रॉलीत होतं, पुढच्या सीटवरच्या बाळाच्या मुठीतल्या बिस्किटात होतं. माझ्याही मागे ते सांगलीपासून आलं होतं.

आणि आता त्या गावात बाजरीवर कोण राहतं? रेशनवर गहू मिळतो, प्रत्येक टपरीवर बिस्किटं टांगलेली असतात. नात तिथेही वाळली असती. मग पळवायला गाव उरलं नसतं.

मी सांगितलं. आडपडदा न ठेवता, पण हळू. घर नव्हतं काका, गहू होता.

ते खिडकीकडे वळले. एअर होस्टेस येऊन पट्टा बांधायला सांगून गेली, तो त्यांना सापडेना, मीच बांधला. मग म्हणाले, "तिची आई अजून हाय. तिला हे कळता कामा नये."

"न्हाई कळणार."

"सुनंला सांगतो, आजपास्नं चपाती बंद."

इथे मला बोलावंच लागलं. "काका, आत्ता बंद करू नका. आधी त्याच आजाराची रक्ताची तपासणी सांगून करून घ्या. गहू थांबवला तर रक्तात सापडत नाही. तपासण्या होईतो रोज द्यायचा. मग डॉक्टर म्हणतील तेव्हा कायमचा बंद."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. उंबरा उकरणाऱ्या माणसाकडेही त्यांनी तेव्हा असंच बघितलं असेल. मी तरी वेगळं काय सांगत होते? लेकराला अजून थोडं खाऊ घाला, म्हणजे ते दिसेल.

चाकं टेकली. माणसं उठली, वरचे कप्पे उघडले, बॅगा डोक्यावरून गेल्या. काकांनी फोन लावला. 

"हां सूनबाई, उतरलो. पोरगी जेवली का? … नगं म्हणती? काय केलंयस? … चपाती. बरं." ते थांबले. "भरव तिला. … व्हय, थोडी. उद्या दवाखान्यात न्यायची हाय, रक्त द्याया. तवर रोज भरवायची. … का ते आल्यावर सांगतो. तू भरव, मी फोनवर हाय."

दार उघडलं. लोक त्यांना ढकलत पुढे सरकत होते. ते जागचे हलले नाहीत. फोन कानाशी दाबून, डोळे मिटून, पलीकडे ती खातेय का ते ऐकत उभे राहिले.