हिरोच्या बोटाची थरथर

शुक्रवारी सकाळी तिजोरीमामांनी एकदम चार पेपर घेतले तेव्हा पेपरवाला चाटच पडला. एरवी मामा पेपर विकत घेणाऱ्यांतले नव्हेत. गिऱ्हाइकाच्या हातातला मागून घ्यायचा, चाळायचा आणि घडी मोडली म्हणून वर त्यालाच बोलायचं, ही त्यांची रीत. पण त्या दिवशी नव्या पिक्चरची परीक्षणं छापून यायची होती, आणि मामांचा जीव टांगणीला लागला होता.

पिक्चर दरोड्याचा. एवढा मोठा हिरो, की त्याच्या नुसत्या पाठमोऱ्या चित्रावर लोक शिट्ट्या मारतात. तो बँकेची भलीथोरली तिजोरी न फोडता, आकड्यांची चकती हळूहळू फिरवून उघडतो. आता हिरोची बोटं म्हणजे जाडजूड मुळे! त्याला चकती फिरवायला दिली तर तो नळ पिळल्यासारखी पिळायचा. म्हणून दिग्दर्शक शोधत शोधत मामांच्या दुकानात आला होता. चौतीस वर्षं मामा अडकलेल्या तिजोऱ्या उघडत आले. दाराला कान लावायचा, दोन बोटं चकतीवर ठेवायची, आणि आतली खाच बोटाला लागली की थांबायचं. बस्स. ना ड्रिल, ना हातोडा. तेव्हा पिक्चरमध्ये तोंड हिरोचं आणि हात मामांचे. चांगली सात मिनिटं!

आणि मामा गप्प बसले असते तर ना! हिरोची अंगठी घातलेल्या आपल्याच हातांचा फोटो त्यांनी दुकानात दर्शनी लावला. शिंप्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, ज्या ज्या बँकेत काम होतं तिथल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना सांगितलं. "पडद्यावर बोटं दिसली की टाळी वाजवा बरं का, ती माझी!" सहा महिने माणूस जमिनीवर नव्हता.

सांगितली नाही ती एकच गोष्ट. वर्षभरापासून त्यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट मधूनच थरथरायचं. आपोआप सुरू व्हायचं, आपोआप थांबायचं. डॉक्टरांनी तपासून आजाराचं नाव सांगितलं, आणि हे वाढत जाणार असंही सांगितलं. मामांनी ती चिठ्ठी हत्यारांच्या पेटीत तळाशी दडपली. बायकोला पत्ता लागू दिला नाही. कारण तिजोरीवाल्याचं बोट थरथरतं हे एकदा बाहेर फुटलं की त्याला तिजोरीपाशी कोण उभं करणार? आणि तिजोरीपाशी उभं राहण्याखेरीज मामांना दुसरं काय येत होतं? काही म्हणजे काही येत नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी दहा वेळा बोट शहाण्यासारखं वागलं. अकराव्या वेळेला, शेवटच्या आकड्याशी, थरथरलं. त्यांनी दिग्दर्शकाला चहाच्या टेबलापाशी गाठलं आणि अक्षरशः हात जोडले. "साहेब, तेवढं अकरावं काढून टाका. बाकीची दहा आहेत की."

"काळजी सोडा मामा," दिग्दर्शक म्हणाला.

मामांनी काळजी सोडली नव्हती. त्या शुक्रवारी दुकानाचं दार अर्धं ओढून ते पेपर उघडून बसले. पहिल्या पेपराने पिक्चरची सालटी काढली होती. दुसऱ्याने लिहिलं होतं, की दरोडा बँकेवर नव्हे, प्रेक्षकांच्या तीन तासांवर पडला आहे. मामांना जरा बरंच वाटलं. पडू दे मेला, कुणी बघूच नये! पण तिसऱ्या पेपरात शेवटी एक 'मात्र' आला. "मात्र तिजोरीच्या प्रसंगात हिरोचं बोट ज्या तऱ्हेने कापतं, तेवढा एकच क्षण खरा वाटतो." चौथा पेपर त्या खडूस समीक्षकाचा, ज्याने वीस वर्षांत या हिरोला कधी बरं म्हटलं नाही. त्याने अख्खा परिच्छेद त्या बोटावर खर्ची घातला होता. "चेहऱ्याने आयुष्यभर जे जमलं नाही ते त्याच्या एका बोटाने करून दाखवलं. भीती अशी असते."

म्हणजे अकरावंच ठेवलं होतं! मामांनी पेपराची घडी घातली. ती नीट बसेना, म्हणून तशीच खुर्चीखाली सारली.

दुपारपर्यंत शिंपी पेपर नाचवत हजर. "मामा, तुमचं बोट छापून आलंय!"

"तेवढा तुकडा माझा नाही. तो हिरोचा स्वतःचा आहे."

"कशाला एवढा मोठेपणा? सहा महिने तुम्हीच तर कान किटवले आमचे!"

"सांगतोय ना, माझा नाही म्हणून!" मामा असे खेकसले की शिंपी गुपचूप पेपर काखेत मारून गेला. आयुष्यात एकदा कुणी चार ओळी चांगल्या लिहिल्या, आणि त्या माझ्या नव्हेत म्हणून गळा काढायची वेळ आली. रडावं की हसावं माणसानं?

शनिवारी दुपारी बायको म्हणाली, "अहो, पिक्चरला जायचं ना?" टाळायला सबब सापडली नाही. अंधारात ती तिजोरी पडद्यावर आली तेव्हा तिने कौतुकाने मामांचा हात हातात घेतला. पडद्यावर भिंतीएवढं बोट थरथरायला लागलं. आणि नेमकं तेव्हाच, तिच्या मुठीत, खरं बोटही. मामांनी हात ओढायचा प्रयत्न केला. तिने सोडला नाही. पिक्चर संपून दिवे लागले तरी तो तिच्या मुठीतच होता.

रविवारी टीव्हीवर हिरोची मुलाखत लागली. ती थरथर कशी साधली, असं विचारल्यावर हिरो डोळे मिटून म्हणाला, "तीन महिने आरशासमोर सराव केला."

मामांचा जीव भांड्यात पडला. काय धडधडीत खोटं बोलला लेकाचा! पण बोल बाबा, आणखी बोल, बक्षिसं घे. एकीकडे असं वाटत होतं आणि दुसरीकडे त्यांचा संताप संताप होत होता. माझं दुखणं, माझी भीती, आणि आरसा याचा? बायको मात्र टीव्हीकडे नव्हे, त्यांच्या हाताकडे बघत होती.

सोमवारी सकाळी जुन्या ओळखीच्या बँकेतून मॅनेजरचा फोन आला. आतल्या खोलीतली तिजोरी अडकली होती आणि गिऱ्हाइकांचे कागद आत होते. मामा नेहमीसारखे बायकोला घेऊन गेले. टॉर्च ती धरायची, आकडे ती लिहून घ्यायची. आज तिने टॉर्चबरोबर त्यांची पेटीही उचलायला हात घातला. "राहू दे गं," मामा म्हणाले. चौतीस वर्षांत त्या पेटीला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

बँकेत सगळे वाटच बघत होते. सगळ्यांनी पिक्चर पाहिलेला. कॅशियर, दोन क्लार्क, शिपाई, झाडून सगळे दारात गोळा झाले. मामांनी कान लावला. पहिला आकडा सापडला. दुसरा सापडला. तिसऱ्याशी बोट थरथरलं.

"अरे वा, हुबेहूब!" मॅनेजर ओरडला. दारात टाळ्या वाजल्या. "मामा, म्हणजे तुम्हीच शिकवलंत की हिरोला!"

मामा हसले. हसण्यावारी नेलं तर निभेल असं वाटलं. त्यांनी चकती शून्यावर आणून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिसऱ्याशी तेच, आणि आता दोन बोटं. आतली खाच कुठे आणि आपली थरथर कुठे, काहीच कळेना. टाळ्या पुन्हा वाजल्या, पण जरा कमी. तिसऱ्यांदा फक्त शिपायाने वाजवली आणि इकडेतिकडे बघून थांबला.

"मामा, गंमत पुरे हं आता," मॅनेजर घड्याळ बघत म्हणाला. "लोक खोळंबलेत."

बायकोने टॉर्च खाली केला. मामांनी कान दारावरून काढला.

"साहेब, हे नाटक नाही," ते म्हणाले. "हे मला थांबवता येत नाही."

मॅनेजर माणूस चांगला होता. त्याने मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बसा तुम्ही. पाणी घ्या. आम्ही दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो." मग त्याने खाली वाकून, मामांना त्रास नको म्हणून, त्यांची हत्यारांची पेटी स्वतः उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली.

मामांनी त्याला ती नेऊ दिली.